नव्या टाइल्सच्या मागचं घर

या वेळी आलेल्या पत्रांत भाड्याच्या घराबद्दलची पत्रं जास्त आहेत, आणि त्यांतलीही बरीचशी एकाच तऱ्हेच्या घराबद्दल: जुन्या इमारतीतला, नुकताच नवा करून भाड्याला काढलेला एका बेडरूमचा फ्लॅट. इमारतींची दुरुस्ती आणि तपासणी यांत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चार पत्रं निवडली आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: ताई, नमस्कार. नोकरीमुळे मी पहिल्यांदाच आईबाबांपासून लांब, दुसऱ्या शहरात एकटी राहणार आहे. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका बेडरूमचा फ्लॅट पाहिला. मालकांनी नुकतंच सगळं नवं केलंय. बाथरूमला मोठ्या टाइल्स, मधली भिंत पाडून स्वयंपाकघर हॉलला जोडलंय, फॉल्स सीलिंग, नवे दिवे. बघताक्षणी आवडला. पण त्याच इमारतीतल्या इतर फ्लॅटपेक्षा भाडं बरंच जास्त आहे. एजंट म्हणतो, ‘उद्या संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर जाईल.’ मला बांधकामातलं काही कळत नाही. आणखी एकदाच बघायला मिळणार आहे. काय काय बघू?

उत्तर: आधी मालकांना फोन करून विचार, की नेमकं काय काय बदललं. ‘सगळं’ हे उत्तर मान्य करू नकोस. पाण्याचे पाइप बदलले का? वायरिंग बदललं का? बाथरूमची जुनी फरशी उखडून खाली वॉटरप्रूफिंग केलं का? खिडक्यांच्या चौकटी नव्या आहेत का? प्रत्येक गोष्ट वेगळी विचार. ज्यांनी ही कामं केलेली असतात ते मालक अगदी उत्साहाने सांगतात, काम चालू असतानाचे फोटोही काढून दाखवतात, कारण त्यांचा खरा पैसा तिथे गेलेला असतो. ज्यांनी वरवरचं काम केलंय ते पुन्हा पुन्हा टाइल्स आणि दिव्यांवर येतात. जास्तीचं भाडं तू कशाचं देणार आहेस, ते या एका फोनवर बरंचसं उलगडेल. टाइल्स आणि दिवे चार दिवसांत सवयीचे होतात. रोजचा संबंध येतो तो पाण्याशी, विजेशी, हवेशी आणि आवाजाशी, आणि नेमकं हेच सगळं भिंतीच्या आत असतं.

दिवसाउजेडी जा, सोबत कुणालातरी ने, आणि सुरुवात बाथरूमपासून कर. बादलीभर पाणी दारापाशी ओत आणि नुसती उभी राहून बघ. पाणी सरळ जाळीकडे गेलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तळं साचलं किंवा पाणी उंबऱ्याकडे परत यायला लागलं, तर उतार चुकलाय. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली की बहुतेक वेळा हेच होतं, कारण फरशी वर येते, उंबरा आणि जाळी मात्र जिथल्या तिथे राहतात. मग एखादं नाणं घेऊन टाइल्सवर हलकेच टकटक करत जा. नीट बसलेली टाइल भरीव, आखूड वाजते. खाली माल पोकळ राहिला असेल तर आवाज बद्द येतो, आणि हा फरक नवख्या कानालाही लगेच कळतो. एखाद-दुसरी टाइल पोकळ निघाली तर सोडून दे. शॉवरखालचा अख्खा पट्टा बद्द वाजला, तर तिथून कधी ना कधी पाणी खाली उतरणार असं धरून चाल. खालच्यांचं छत ओलं झालं की ते आधी तुझ्याच दारात येतील.

जाळी उचलून आत टॉर्च मार. खाली पाणी साठलेलं दिसायला हवं. साधारण ५० मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा थर गटाराची हवा घरात येऊ देत नाही. लंडनमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये वाकड्या पाइपात पाणी अडवून ठेवणाऱ्या संडासाचं पेटंट घेतलं, आणि आजही प्रत्येक बेसिनखाली तेच तत्त्व काम करतं. नूतनीकरणात बेसिनची जागा हलली की कधी कधी हा वाकच गायब होतो आणि एक सरळ लवचिक पाइप भिंतीत खुपसून दिलेला असतो. म्हणून बेसिनखाली वाकून बघ. वाक नसेल तर वास येणार, आणि तो कुठल्याही सुगंधी गोळीने जात नाही.

मग स्वयंपाकघरातला नळ आणि शॉवर दोन्ही पूर्ण सोड, आणि त्याच वेळी फ्लश कर. धार किती मंदावते ते बघ. लोखंडी पाइपांना आतून गंज चढतो आणि पाण्याची वाट वर्षागणिक अरुंद होत जाते. त्यापुढे कितीही चकचकीत नळ लावला तरी पाणी तेवढंच येणार. नळ सोडल्यावर पहिलं पाणी तांबूस आलं, तर पाइप बदललेत की नाहीत हे विचारायची गरजच उरत नाही.

आता अशी गोष्ट सांगते जिच्यात मी कुणालाही तडजोड सुचवत नाही. धुराडं थेट बाहेर न नेलेला गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो तिथून हलवल्याशिवाय घर घेऊ नकोस. बंद जागेत हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडीपर्यंत हात पोचायच्या आत माणूस खाली कोसळतो. बाथरूम सुंदर दिसावं म्हणून जुना झरोका टाइल्सनी बुजवलेला मी पाहिलाय, आणि गिझर मात्र तिथेच होता. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

फॉल्स सीलिंगकडे बघताना मान वर करून एक फेरी मार. कुठे फिकट पिवळा डाग, कुठे सांध्यापाशी फुगवटा, कुठे एकाच चौकोनाला वेगळा रंग. एका फ्लॅटच्या तपासणीत मी अशीच एक वेगळ्या रंगाची पट्टी उघडायला लावली होती. वर एक प्लास्टिकचा टब ठेवला होता. वरच्या मजल्यावरून टपकणारं पाणी त्यात साठत होतं आणि भाडेकरूला त्याचा पत्ताच नव्हता. छत उघडून दाखवा असं म्हणण्यात काही वावगं नाही. बहुतेक सीलिंगला कुठेतरी उघडणारी झडप असते. ती उघडायला लाव.

पाडलेल्या भिंतीबद्दलही विचारायला हवं. ती नुसती आडभिंत होती की वरचा भार घेणारी? पाडण्याआधी कुणा इंजिनिअरला दाखवलं होतं का, इमारतीची परवानगी घेतली होती का? दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या, बोटाचं नख शिरेल एवढ्या भेगा दिसल्या, तर तुझा होकार थांबव. रंगातल्या केसासारख्या बारीक भेगांचं काही वाटून घेऊ नकोस, त्या प्लास्टर सुकताना पडतात.

विजेचं म्हणशील तर मेन बोर्डापाशी जा. तिथे ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला एक स्विच असायला हवा. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरएवढा फरक पडला, म्हणजे ती मध्येच कुठेतरी गळतेय, कदाचित एखाद्याच्या शरीरातून, की हा स्विच क्षणात पुरवठा तोडतो. मालकांना सांगून ते बटण दाब. खट्कन अंधार झाला पाहिजे. तो स्विचच नसेल तर नवीन दिवे, नवी बटणं या सगळ्याला माझ्या लेखी काही किंमत नाही. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे मागे अर्थिंगची तार आहे असंही समजू नकोस. जुन्या दोन तारांवर नवी पाटी बसवणं फार सोपं असतं. कुणी ओळखीचा इलेक्ट्रिशियन असेल तर त्याला अर्ध्या तासासाठी ने, किंवा सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा टेस्टर मिळतो तो घेऊन जा.

बेडरूमला बाहेर उघडणारी खिडकी आहे ना? विचारते याचं कारण असं की मोठ्या खोलीत पार्टिशन घालून ‘एक बेडरूम’ केलेले फ्लॅट मी बरेच पाहिले, आणि त्यांतल्या काहींत झोपायची खोली चारी बाजूंनी बंद होती. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, रात्रभर ताजी हवा नाही. अशी खोली कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

एजंटच्या घाईबद्दलही लिहिलं आहेस. ज्या घराचं दार बघायला दोनदा उघडत नाही त्याला पैसे देऊ नकोस. टोकन द्यायचंच ठरलं तर मालकीची कागदपत्रं बघ, पावती घे, आणि करार झाला नाही तर पैसे किती दिवसांत परत मिळतील हे पावतीवरच लिहून घे. लिहून द्यायला जो तयार होत नाही त्याच्याशी व्यवहार तिथेच संपला.

प्रश्न: आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. साठ-सत्तर वर्षं जुन्या इमारतीत, नवा केलेला एका बेडरूमचा फ्लॅट आम्ही ठरवलाय, करारही झालाय. पण आत गेलं की रंगाचा आणि नव्या कपाटांचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. मालक म्हणतात, ‘खिडक्या उघड्या ठेवा, आठवड्याभरात जाईल.’ राहायला जावं का?

उत्तर: रंगाचा वास आठवड्याभरात बराच उतरेल. कपाटांचा उतरेलच असं नाही. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या) आणि पुष्कळशा प्लायवूडमध्ये जो गोंद असतो त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू, महिनोन्‌महिने सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेत त्याचं प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं या संघटनेचं मार्गदर्शन आहे. तुमचे डोळे चुरचुरतात ते उगाच नाही. म्हणजे आता पळून जायचं असं नव्हे, पण आठ महिन्यांचं बाळ दिवसाचे वीस-बावीस तास त्याच हवेत असणार आहे, याचा विचार आपणच करायचा.

राहायला जायची तारीख पुढे ढकला. मालकांशी बोलून चाव्या आधी घ्या, आणि रोज कुणीतरी जाऊन सगळ्या खिडक्या, कपाटांची सगळी दारं, सगळे ड्रॉवर उघडून पंखा लावून या. कपाटांच्या आतल्या बाजूला, मागे आणि बिजागरीच्या भोकांपाशी बोर्डाची कड उघडी दिसते का ते पाहा. वायू तिथून सर्वात जास्त येतो. सुतार बोलावून या कडांना पट्टी लावून घेता येते, किंवा सीलर मारता येतो. काम लहान आहे, मालकांनी करून द्यायला हरकत नसावी. सुगंधी फवारे मारू नका. वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो, वर आणखी रसायनांची भर पडते. आणि बाळाचे कपडे निदान पहिले काही महिने या कपाटांत ठेवू नका.

कधी जायचं, हे ठरवण्याची एक साधी पद्धत सांगते. संध्याकाळी सगळी दारं-खिडक्या लावून घ्या. सकाळी जाऊन दार उघडा आणि पाच मिनिटं आत उभे राहा. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर अजून वेळ आहे.

तुमच्या पत्रातल्या ‘साठ-सत्तर वर्षं जुनी’ या शब्दांची मात्र मला वासापेक्षा जास्त काळजी वाटते. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. घराच्या आत शिशाचा पांढरा रंग वापरू नये असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ मध्येच झाला, तरी पुढे कित्येक दशकं अनेक ठिकाणी असे रंग भिंतींना लागत राहिले. भिंतीवर ते जुने थर नुसते पडून असतील तर फारसा धोका नसतो. नवा रंग देण्याआधी कुणी कोरड्या सँडपेपरने भिंती, दारं, खिडक्या घासल्या असतील, तर ती धूळ फटीफटींत जाऊन बसते. रांगणारं बाळ हात जमिनीवर टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं, आणि रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं कुणीच म्हणत नाही.

तेव्हा मालकांना, शक्य झालं तर रंगकाम करणाऱ्यालाच, विचारा: जुना रंग कसा काढला? खिडकीच्या चौकटीचा एखादा जुना पोपडा मिळाला तर प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. उत्तर मिळेपर्यंत घर कोरड्या केरसुणीने झाडू नका. सगळं ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः खिडकीच्या खाचा आणि दारांच्या कडा, कारण लाकूड लाकडाला घासतं तिथे धूळ रोज नव्याने तयार होते. दर वेळी पाणी बदला. आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना ही सगळी हकिकत सांगा. त्यांना गरज वाटली तर बाळाच्या रक्तातलं शिसं मोजता येतं, तपासणी साधी असते.

प्रश्न: ताई, मी ज्या वस्तीत घर घेतोय तिथे एकाच जिन्यावर पाच-सहा भाषा ऐकू येतात. वेगवेगळ्या धर्मांचे, देशांचे, प्रांतांचे लोक आहेत. मला ती गजबज आवडली. फ्लॅटही छान नवा केलाय, एक बेडरूम, माझ्यापुरता पुरेसा. पण आईबाबा म्हणतात, ‘तिथे आपलं कोण आहे? अडीअडचणीला कोणाला हाक मारशील?’ शिवाय दुसऱ्या एका मालकाने फोनवर माझं नाव ऐकून ‘तुम्ही नक्की कुठले?’ असं दोनदा विचारलं आणि मग फोनच उचलला नाही. ते मनाला लागलं. अशा वस्तीत राहण्याबद्दल तुमचं मत काय?

उत्तर: आधी त्या फोनबद्दल. तुम्हाला लागलं ते योग्यच आहे, आणि त्यात तुमचं काही उणं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्याच्या पाचव्या कलमात भेदभावाशिवाय घर मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पुढे १९९१ मध्ये त्यांच्याच एका समितीने ‘पुरेसं घर’ कशाला म्हणावं याचे सात निकष मांडले. घरातून मनमानी हुसकावलं न जाण्याची हमी, पाणी-वीज, परवडणं, राहण्याजोगं असणं, सगळ्यांना वापरता येणं, योग्य जागा, आणि सातवा, राहणाऱ्याची संस्कृती जपता येणं. भिंत ओली नसणं आणि आपल्या पद्धतीने जगता येणं या दोन गोष्टी तिथे एकाच यादीत आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रत्यक्षात दाद कुठे मागायची हे प्रत्येक ठिकाणचा कायदा ठरवतो. तुमच्या शहरात भाडेकरूंची संघटना किंवा मोफत कायदेशीर मदत असेल तर तिथे जाऊन विचारा, आणि असे फोन आले की तारीख, वेळ, काय बोलणं झालं ते लगेच लिहून ठेवा.

आता आईबाबांचा प्रश्न. त्यांची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. करार करण्याआधी त्यांना एकदा घेऊन जा. फ्लॅट दाखवून परत आणू नका, जिन्यात थांबा, समोरच्यांशी दोन शब्द बोला. अशा वस्त्यांतल्या इमारती तपासायला मी पुष्कळ फिरले आहे. तिथले बहुतेक जण स्वतः कधीतरी सामान घेऊन परके म्हणून आलेले असतात, आणि नवीन माणसाला कुठे काय अडतं ते त्यांना न सांगता कळतं. पाण्याची वेळ, कचरा कुठे आणि कोणत्या दिवशी ठेवायचा, लिफ्ट बंद पडली तर कोणाला फोन करायचा, हे मला नेहमी शेजाऱ्यांनीच सांगितलं, मालकांनी क्वचित. ‘आपलं कोण आहे’ याचं उत्तर आईबाबांना तिथे उभं राहून जास्त पटेल.

पण एक गोष्ट डोळसपणे बघा, ती म्हणजे आवाज. वस्ती मिश्र असली की सगळ्यांचा दिवस एकाच वेळी सुरू होत नाही. कुणी रात्रपाळीहून पहाटे येतो, कुणाचे नातेवाईक दुसऱ्या टोकाच्या देशात असतात म्हणून मध्यरात्री फोनवर बोलतो, कुणाच्या सणाची रात्र तुमच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी येते. यात कुणाचा दोष नाही. झोपण्याच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणून थोडासा फरकही झोपेला पुरतो. घर बघायला एकदा रात्री दहानंतर जा. बेडरूममध्ये दिवा बंद करून दहा मिनिटं शांत बसा. फोनमधलं आवाज मोजणारं ॲप ढोबळ अंदाजापुरतं चालेल, तुमचा कान जास्त भरवशाचा.

इथे नूतनीकरणाचा संबंध येतो. पूर्वी जमिनीवर जाड गालिचा किंवा लाकडाखाली मऊ थर असेल आणि आता वरच्या फ्लॅटमध्येही तुमच्यासारखीच थेट स्लॅबवर टाइल बसवली असेल, तर खुर्ची सरकवल्याचा, टाच आपटल्याचा आवाज जसाच्या तसा खाली येतो. हा आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधूनच येतो, त्यामुळे तुमच्या खोलीत पडदे लावून तो कमी होत नाही. तो वरच अडवावा लागतो, गालिचा आणि त्याखाली जाड अस्तर घालून, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावून. तुमच्या खाली राहणाऱ्यांसाठी तेच तुम्ही करा, राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात.

वरच्यांशी पहिलं बोलणं तक्रारीचं होऊ देऊ नका. आधी भेटा, नाव सांगा, त्यांचं नाव विचारा आणि ते नीट उच्चारायला शिका. दोनदा चुकलात तरी चालेल, तिसऱ्यांदा विचारा. लोकांना ते आवडतं. भाषा जुळत नसेल तर फोनवरच्या भाषांतराने काम भागतं. लहान लहान वाक्यं बोला, म्हणजे भाषांतर गडबडत नाही. जिन्यातली सूचना तुमच्या भाषेत नसेल तर फोटो काढून वाचून घ्या. पाणी बंद असल्याची सूचना न वाचल्यामुळे माणसं विनाकारण शेजाऱ्यांवर चिडतात.

आणखी एक मनातलं. अशा वस्त्या मिश्र राहतात त्या तिथली जुनी घरं वेगवेगळ्या कमाईच्या लोकांना परवडतात म्हणून. एकेक फ्लॅट नवा होऊन चढ्या भाड्याने जाऊ लागला की जुनी कुटुंबं हळूहळू निघून जातात, आणि ज्या गजबजीने तुम्हाला ओढून आणलं ती पातळ होत जाते. याचं ओझं तुमच्या एकट्यावर टाकत नाही, घर तर तुम्हालाही हवंच आहे. पण आधीचा भाडेकरू का गेला हे एकदा विचारून घ्या. त्याला दमदाटी करून काढलं असेल तर उद्या तुमच्याशी तो मालक कसा वागेल याचीही कल्पना येईल. इमारतीत भाडेकरूंची सभा होत असेल तर जात चला.

प्रश्न: आम्ही दोघं नव्या केलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. खिडक्याही नव्या, घट्ट बसणाऱ्या. तीन महिन्यांत बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर कपाटामागे काळे ठिपके आले. मालक म्हणतात, ‘तुम्ही घरात कपडे वाळवता, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार.’ आमच्या मते भिंत गळते. खरं कोणाचं?

उत्तर: भांडण्याआधी भिंतीलाच विचारा. कपाट बाजूला करा. ठिपक्यांशेजारचा एक कोरडा दिसणारा भाग पुसून त्यावर वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, कुठेही फट ठेवू नका. दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल घरातल्या हवेतली आहे. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर ती भिंतीतून येतेय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही.

भिंतीतली ओल इतरही खुणा दाखवते. पिवळसर कडा असलेला डाग, पावसानंतर वाढणारा, रंगाखाली फुगा, हात लावला की पांढरी खारट पूड. हे दिसलं तर दुरुस्ती मालकांची, आणि ती भिंतीच्या बाहेरून करायची असते. आतून आणखी एक रंगाचा हात दिला तर पुढच्या पावसात सगळं पुन्हा वर येईल.

ओल हवेतली निघाली तरी तुम्ही एकटे दोषी ठरत नाही. जुन्या खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आपोआप बाहेर जायची. नव्या खिडक्यांनी ती वाट बंद केली आणि बदल्यात दुसरी दिली नाही. दोन माणसांचा श्वास, आंघोळ, स्वयंपाक, वर मशीनभर ओल्या कपड्यांतून सुटणारं एक-दोन लिटर पाणी, हे सगळं घरातल्या सर्वात गार भिंतीवर जाऊन बसतं. कपाटामागे हवा हलत नाही, म्हणून सुरुवात तिथे. मालकांनी बाथरूम आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा द्यायला हवा. तो चालू करून जाळीपाशी पातळ कागद धरा, कागद चिकटून राहिला तर पंखा काम करतोय. तुम्ही कपडे बाहेर किंवा पंखा चालू असलेल्या बाथरूममध्ये दार लावून वाळवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि हवेतला दमटपणा मोजणारं छोटं यंत्र बेडरूममध्ये ठेवा. आकडा बराच वेळ ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशी येणारच.

डिपॉझिटबाबत, राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर शोधून ठेवा. नसतील तर आजपासून सुरू करा: फॉइल लावताना आणि काढताना, दमटपणाचा सकाळ-संध्याकाळचा आकडा, पंख्यापाशी धरलेला कागद. मालकांना पत्र किंवा ईमेल लिहा, फोनवर बोलू नका. काय दिसलं, कधी दिसलं, तुम्ही काय केलंत, त्यांनी काय करावं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच लिहा. रागाचं एकही वाक्य नको. उद्या ते पत्र तिसऱ्या माणसाने वाचायची वेळ आली तर तुमची बाजू त्यातूनच कळणार आहे.

ठिपके पुसायचे ते फोटो काढून झाल्यावर. मास्क लावा, खिडकी उघडा, कोरडं खरवडू नका, त्याने बुरशीचे कण खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, भिंत सुकू द्या, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.